फायरवॉल चालू केली की टॅली बंद, बंद ठेवली तर पाहुण्यांना आमचं फोल्डर दिसतं, करायचं काय?

अबोली७७, रात्री ११:०८

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मांद्र्याला आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर पाच खोल्या आहेत त्या पाहुण्यांना देतो. नवरा जहाजावर, त्यामुळे वर्षातले सात-आठ महिने सगळं मी, मामंजी आणि दीर असंच बघतो. खाली पडवीत रिसेप्शनचा काँप्युटर आहे, विंडोज ११, त्यावर टॅली म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि पाहुण्यांच्या पासपोर्टचे स्कॅन, कारण परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत सी फॉर्म भरावा लागतो. आतल्या खोलीत दिराचा जुना लॅपटॉप, विंडोज १०, तो तिथून याच टॅलीत हिशेब टाकतो. राउटर एकच, वायफायचं नाव एकच, पासवर्ड खोलीच्या किल्लीबरोबर चिठ्ठीवर लिहून देतो.

दोन वर्षांपूर्वी हे सगळं जोडून द्यायला एक माणूस आला होता. टॅली दुसरीकडे उघडेना म्हणून त्याने फायरवॉल बंद केली आणि जाताना म्हणाला, ही चालू करू नका, केलीत तर टॅली चालायची नाही. आम्ही कशाला हात लावतोय.

गेल्या आठवड्यात दोन नंबर खोलीतली मुलगी मॅकबुक घेऊन खाली आली आणि म्हणाली हे तुमचं आहे काय. बघते तर तिच्या स्क्रीनवर आमच्या काँप्युटरचं नाव आणि त्याखाली पासपोर्ट नावाचं फोल्डर, उघडलं तर पासवर्डसुद्धा विचारला नाही. माझ्या तर हातापायातलं बळच गेलं. त्याच रात्री फायरवॉल चालू केली. सकाळी दिराची बोंब, टॅलीला डेटाच मिळत नाही. शिवाय प्रिंटरवरचं स्कॅनचं बटण दाबलं की पासपोर्ट थेट काँप्युटरवर यायचा, तेही बंद. आणि एक गंमत राहिली सांगायची, परवा रात्री दीड वाजता प्रिंटर आपोआप घरघरायला लागला आणि कोणाचा तरी मोपाहून जायचा बोर्डिंग पास बाहेर आला.

फायरवॉल परत बंद केली तर चालेल काय? की तिच्यासकट टॅली चालते?

पात्रांव, रात्री ११:३१

बंदच ठेव गो. राउटरमध्ये फायरवॉल असतेच, विंडोजवाली नुसती कटकट. चांगला अँटीव्हायरस टाक आणि शांत झोप. माझी गेली पाच वर्षं बंद आहे, काही झालं नाही.

कुळागर, सकाळी ७:१२

पात्रांव, तुझ्या घरी तू एकटा आहेस बाबा, ताईंच्या घरी रोज दहा अनोळखी लॅपटॉप उतरतात. राउटर बाहेरच्याला अडवतो हे खरं, म्हणजे इंटरनेटवरून कोणी सरळ तुमच्या काँप्युटरवर यायला गेला तर राउटरला कळतच नाही ते कोणाला द्यायचं, म्हणून टाकून देतो. पण पाहुणे राउटरच्या आतल्या बाजूला आहेत. गेटवर कुत्रा बांधलाय आणि माणसं आधीच ओसरीवर बसलीत, कुत्रा कोणावर भुंकणार? आतल्या आत एका मशीनने दुसऱ्याचं दार वाजवलं तर तिथे फक्त त्या मशीनची स्वतःची फायरवॉल उभी असते. आणि अँटीव्हायरस फायली तपासतो, तुम्हीच शेअर करून ठेवलेलं फोल्डर कोणी उघडून वाचलं तर त्यात त्याला व्हायरस दिसणार कुठे?

ताई, घाबरू नका, टॅली फायरवॉलसकट उत्तम चालते. मी फोंड्यात चार-पाच दुकानांची जोडणी बघतो, सगळीकडे चालू आहे. तुमच्याकडच्या माणसाला कोणतं दार उघडायचं ते शोधायचा कंटाळा आला म्हणून त्याने भिंतच पाडली. तरी बरं, नुसती बंद करून गेला. काही जण तर सर्व्हिसेसमध्ये जाऊन ती सर्व्हिसच डिसेबल करतात, मग स्टार्ट मेनू अडकतो, स्टोअरची ॲप इन्स्टॉल होत नाहीत, आणि फायरवॉलमुळे हे होतंय हे कोणाच्या डोक्यातही येत नाही. मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगते की सर्व्हिस थांबवू नका.

आधी एक बघून सांगा. रिसेप्शनच्या काँप्युटरवर विंडोज सिक्युरिटी उघडा, त्यात फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन. तिथे तीन नावं दिसतील, डोमेन, प्रायव्हेट, पब्लिक. त्यातल्या एकासमोर ॲक्टिव्ह लिहिलेलं असेल. कोणतं?

अबोली७७, सकाळी ९:४०

पब्लिकसमोर ॲक्टिव्ह आहे. पण आमचं वायफाय घरचं आहे, पब्लिक कसं?

कुळागर, सकाळी १०:०५

नवीन नेटवर्क भेटलं की विंडोज ११ त्याला पब्लिकच धरतं, कोणी मुद्दाम बदललं नाही तर तसंच राहतं. हेच तुमच्या सगळ्या घोळाचं मूळ. फायरवॉल एकच आहे पण तिचे नियम तीन वेगवेगळ्या कप्प्यांत आहेत. डोमेन मोठ्या ऑफिसांसाठी, ते विसरा. पब्लिक म्हणजे स्टेशन, कॅफे, दाबोळीचा विमानतळ, तिथे फोल्डर आणि प्रिंटर शेअरिंगची दारं बंद. प्रायव्हेट म्हणजे ज्या जाळ्यावरच्या सगळ्या मशीन तुमच्या ओळखीच्या, तिथे ती दारं उघडता येतात. बाकी मूळ नियम दोन्हीकडे सारखा, बाहेर जाणाऱ्याला मोकळं, आत येणाऱ्याला नियम असेल तरच प्रवेश. म्हणून दिराला डेटा मिळत नाही, त्याचं मागणं आत येणारं आहे.

आता लगेच पब्लिकचं प्रायव्हेट करू नका हां, मी संध्याकाळी सविस्तर लिहितो.

अबोली७७, सकाळी १०:२२

केलं 😬 तुमचा मेसेज नंतर वाचला. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, आमच्या नावावर क्लिक आणि प्रायव्हेट. दिराला डेटा दिसायला लागला, पण टॅली एज्युकेशनल मोडमध्ये उघडते आणि महिन्याच्या मधल्या तारखांची एंट्रीच घेत नाही. आणि माझ्या मोबाइलवरून बघितलं तर पासपोर्ट फोल्डर परत दिसतंय!! परत पब्लिक करून ठेवलंय.

मळेकाका, दुपारी १:१५

कुळागर लिहीपर्यंत जरा जुनी गोष्ट सांगतो. ऑगस्ट २००३, पणजीत माझं सायबर कॅफे होतं, आठ मशीन, सगळ्या एक्सपी. एका दुपारी एका मशीनवर चौकोन आला, ६० सेकंदांत सिस्टीम बंद होणार, आणि आकडे खाली येऊ लागले. गिऱ्हाईक म्हणतं काका मी काही केलं नाही, आणि पोराने खरंच काही केलं नव्हतं. ब्लास्टर वर्म होता तो, १३५ नंबरच्या पोर्टमधून, म्हणजे कुळागर म्हणतो त्या दारातून शिरायचा, काही डाउनलोड नको, क्लिक नको, नेटला जोडलेलं असलं की पुरे. घरच्या गिऱ्हाइकांची मशीन फॉरमॅट करून डायल-अपवर जोडायचो तर पॅच, म्हणजे ते भोक बुजवणारं अपडेट, उतरायच्या आधीच परत तो चौकोन. रनमध्ये जाऊन शटडाउन डॅश ए मारायचं, तेवढ्या वेळात जे होईल ते करायचं.

सांगायचं कारण, फायरवॉल तेव्हाही एक्सपीत होती. २००१ पासून होती! पण बंद करून ठेवलेली आणि एका कोपऱ्यात, कनेक्शनच्या प्रॉपर्टीजमध्ये तिसऱ्या टॅबवर एक टिक. ती टिक मारली की वर्म बाहेर. ऑगस्ट २००४ मध्ये सर्व्हिस पॅक २ आला तेव्हापासून ती मूळातच चालू येते. आणि इतक्या वर्षांनी लोक पैसे देऊन माणूस बोलावतात आणि तो ती बंद करून जातो, काय बोलायचं.

पात्रांव, दुपारी १:४०

काका तेव्हा राउटर नव्हते म्हणून ते झालं. आता कोण डायल-अप वापरतो.

मळेकाका, दुपारी २:०२

१२ मे २०१७, वॉनाक्राय, तोही वर्मच. तेव्हा राउटर होते ना? एक मशीन लागलं की ऑफिसातल्या आतल्या जाळ्यावरून बाकीची लागत गेली, पोर्ट ४४५, म्हणजे हेच फोल्डर शेअरिंगचं पोर्ट. पॅच मार्चमध्येच आलेला, टाकला नव्हता लोकांनी. अबोली, दिराच्या विंडोज १० चं बघून घे गं, १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा मोफत सपोर्ट संपला. एक्सटेंडेड अपडेटला नाव घातलेलं नसेल तर त्या लॅपटॉपला पॅच येत नाहीयेत. फायरवॉल असली तरी ते वेगळं दुखणं आहे.

काजूबोंडू, दुपारी ४:३०

मी इंजिनिअरिंगला आहे आणि लिनक्स वापरतो त्यामुळे टॅलीचं काही सांगू शकत नाही पण लॉग चालू करा हे सांगायला आलो. विंडोजची फायरवॉल कोणाला अडवलं ते लिहून ठेवते, फक्त ते लिहिणं मूळात बंद असतं. विंडोज की आणि आर दाबून डब्ल्यूएफ डॉट एमएससी टाइप करा, जी खिडकी उघडेल तिच्यात डाव्या बाजूला सगळ्यात वरच्या नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, पब्लिक प्रोफाइलच्या टॅबवर लॉगिंग कस्टमाइज, आणि लॉग ड्रॉप्ड पॅकेट्स येस. फाइल विंडोजच्या सिस्टीम ३२ मध्ये लॉगफाइल्स, त्यात फायरवॉल, तिथे पी फायरवॉल नावाने बनते. नोटपॅड ॲडमिन म्हणून उघडून मगच फाइल उघडा नाहीतर परवानगी नाही म्हणतो. प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, ड्रॉप, टीसीपी की यूडीपी, कोणाकडून, कोणाला, आणि मग पोर्ट. जे चालत नाही ते एकदा चालवून बघायचं आणि त्या मिनिटाच्या ओळी वाचायच्या, कोणतं दार हवंय ते तिथेच लिहिलेलं असतं.

उबुंटूवाल्यांसाठी, तिकडे यूएफडब्ल्यू नावाची फायरवॉल आहे, ८.०४ पासून बरोबरच येते पण बंद असते. चालू करायला एक ओळ पुरते आणि त्या एका ओळीनेच माझी वाट लावली. घरी फोंड्याला एक जुना पीसी सर्व्हर म्हणून ठेवलाय, मी मडगावला हॉस्टेलवर, तिथून एसएसएचने, म्हणजे दुरून मशीनमध्ये शिरायच्या सोयीने, आत जाऊन सुडो यूएफडब्ल्यू इनेबल मारलं. त्याने विचारलंही, चालू एसएसएच जोडण्या तुटू शकतात, पुढे जाऊ काय, मी वाय दाबलं. काही तुटलं नाही! मी खूश, जेवायला गेलो. येईपर्यंत लॅपटॉप झोपलेला, परत जोडायला गेलो तर दार बंद, कारण एसएसएचला अलाउ करायचं राहिलेलं. आईला फोनवर टर्मिनल शिकवायचा प्रयत्न केला, ती म्हणाली चवथीला येशील तेव्हा कर. दुसऱ्या दिवशी बस पकडून गेलो एका ओळीसाठी. आधी अलाउ एसएसएच, मग इनेबल, एवढंच.

अबोली७७, संध्याकाळी ६:५०

लॉग चालू केला आणि आता धडधडतंय. शेकडो ओळी आहेत. १३७, १३८, १९०० असे पोर्ट सतत, वेगवेगळ्या नंबरांवरून. आणि एक १९२.१६८.१.३७ आहे तो तर दर काही मिनिटांनी ४४५ वर येतोय, ड्रॉप, ड्रॉप, ड्रॉप. कोणी हॅक करतंय काय? आज चार खोल्या भरलेल्या आहेत, कोणाला विचारू?

काजूबोंडू, संध्याकाळी ७:०५

१३७, १३८ आणि १९०० सोडून द्या. विंडोज लॅपटॉप, टीव्ही, मोबाइल हे जाळ्यावर सतत हाक मारत असतात, मी इथे आहे, कोणी प्रिंटर आहे काय, कोणी टीव्ही आहे काय. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर भोंगा वाजवत वाड्यातून जातो तसं आहे, तो तुमच्याच दारात आलाय असं नाही. ३७ चं मात्र बघायला हवं. राउटरच्या पानावर जोडलेल्या मशीनची यादी असते, तिथे ३७ कोण ते नावासकट दिसेल.

अबोली७७, संध्याकाळी ७:२८

दीर आहे 🤦 त्याच्या लॅपटॉपवर टॅली उघडीच आहे आणि ती आपली डेटा शोधतेय.

कुळागर, रात्री ८:४५

हाहा, आणि लॉगने काय हवं तेही सांगून टाकलं, ३७ वरून ४४५.

आता कामाचं. क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून सकाळी थांबा म्हटलं होतं. प्रायव्हेट म्हणजे "या जाळ्यावरचे सगळे माझे" असं तुम्ही विंडोजला शब्द देणं. पाहुणे त्याच वायफायवर असताना तो शब्द खोटा आहे, म्हणून फोल्डर परत उघडं पडलं. आधी तो शब्द खरा करा. राउटरच्या सेटिंगमध्ये गेस्ट नेटवर्क असतं, ते चालू करा, वेगळं नाव वेगळा पासवर्ड, आणि पाहुण्यांना लोकल नेटवर्क बघू द्यायचं काय असा पर्याय असेल तर तो बंद. किल्लीबरोबरच्या चिठ्ठीवर आता हे नवीन नाव. जुन्या वायफायचा पासवर्डही बदला, नाहीतर जुने पाहुणे परत आले की त्यांचे फोन आपोआप आतल्याला जोडतील. तुमचा मध्यरात्रीचा बोर्डिंग पासही यानेच थांबेल. प्रिंटर वायफायवर स्वतंत्र मशीन आहे, त्या पाहुण्याच्या फोनने काँप्युटरला विचारलंच नाही, सरळ प्रिंटरला पाठवलं. काँप्युटरच्या फायरवॉलचा तिथे काही संबंध नाही.

तुमच्या फायबरवाल्याच्या डब्यात गेस्टची सोय नसेल तर दुसरा साधा राउटर आणा, पण ऑफिसच्या मशीन आणि प्रिंटर त्या नवीन राउटरच्या मागे ठेवा आणि पाहुणे पहिल्यावर. बरेच लोक उलटं करतात, पाहुण्यांना नवीन राउटर देतात, मग ते आतून बाहेर येत येत तुमच्याच ऑफिसात पोचतात.

हे झालं की मग प्रायव्हेट करा. आणि पासपोर्टचं फोल्डर शेअर कशाला हवं? दिराला टॅली हवी, पासपोर्ट नको. त्याचं शेअरिंग काढूनच टाका. टॅलीच्या फोल्डरवर एव्हरीवन असेल ते काढा आणि पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग चालू करा. इथे सगळे अडकतात ते सांगतो, दिराच्या लॅपटॉपवर नाव-पासवर्ड विचारेल तेव्हा रिसेप्शनच्या काँप्युटरवरच्या खात्याचा पासवर्ड द्यायचा, चार आकडी पिन नाही, पिन त्या मशीनपुरता असतो. आणि खात्याला पासवर्डच नसेल तर नेटवर्कवरून आत घेतच नाही. सोपं म्हणजे रिसेप्शनवर हिशेब नावाचं एक साधं लोकल खातं करा, त्याला पासवर्ड द्या, फोल्डर फक्त त्याला.

एज्युकेशनल मोडचं कारण वेगळं. डेटा ४४५ वरून येतो पण लायसन्स रिसेप्शनवरच्या टॅली गेटवे सर्व्हरकडे मागितलं जातं, त्याचं पोर्ट वेगळं, सहसा ९९९९, टॅलीच्या लायसन्सच्या सेटिंगमध्ये बघून खात्री करा. ते दार बंद आहे, म्हणून टॅलीला वाटतं लायसन्सच नाही. डब्ल्यूएफ डॉट एमएससी मध्ये इनबाउंड रूल्स, न्यू रूल, पोर्ट, टीसीपी, तो आकडा, अलाउ, आणि पुढच्या पानावर तीन टिका असतील त्यातली फक्त प्रायव्हेट ठेवा. नाव ओळखू येईल असं मराठीत द्या, दोन वर्षांनी तुम्हालाच कळलं पाहिजे.

अजून घट्ट करायचं असेल तर त्याच रूलवर डबल क्लिक, स्कोप टॅब, खाली रिमोट आयपी ॲड्रेसमध्ये फक्त दिराचा नंबर. फाइल अँड प्रिंटर शेअरिंगच्या एसएमबी इन रूललाही (४४५ चा तो हाच) तसंच, नवीन विंडोज ११ मध्ये त्याच्या पुढे रिस्ट्रिक्टिव्ह असंही दिसू शकतं. पण मग दिराचा नंबर ३७ वरून हलता कामा नये, राउटरमध्ये ॲड्रेस रिझर्व्हेशन करा आणि त्याच्या लॅपटॉपवर रँडम हार्डवेअर ॲड्रेस बंद ठेवा नाहीतर रोज नवीन माणूस म्हणून येईल. हे नसेल झेपत तर सोडा, पासवर्ड लावलाय आणि पाहुणे बाहेर काढलेत तेवढ्याने मोठं काम झालं.

पावसात विजा पडून राउटर जळतात ते तुम्हाला मी सांगायला नको. राउटर बदलला की विंडोजच्या दृष्टीने ते नवीन नेटवर्क, परत पब्लिक होणार आणि दीर परत बोंब मारणार. तेव्हा आधी प्रायव्हेट आहे काय ते बघा, माणूस बोलावू नका.

सत्तरीकर, रात्री ९:३०

मध्येच विचारतो, पोरगा एक गेम खेळतो ती नेटशिवाय चालतच नाही. फायरवॉलने फक्त त्या गेमचं नेट तोडता येईल काय, म्हणजे परीक्षेपर्यंत. आणि बायकोच्या मॅकला असली फायरवॉल असते काय?

कुळागर, रात्री ९:५५

गेमचं होईल. आउटबाउंड रूल्स, न्यू रूल, प्रोग्रॅम, गेमची फाइल दाखवा, ब्लॉक. बाहेर जाणाऱ्यावर नियम लावायची सोय व्हिस्टापासून आहे. पण पोराकडे ॲडमिनचा पासवर्ड असेल तर दोन मिनिटांत काढेल, आणि ब्राउझरमध्ये खेळत असेल तर हे लागू नाही.

मॅकमध्ये असते, मूळात बंद. सिस्टीम सेटिंग्ज, नेटवर्क, फायरवॉल. ती फक्त आत येणाऱ्याला अडवते, बाहेर जाणाऱ्याला नाही.

मळेकाका, रात्री १०:१०

यात एक माझंही. फायरवॉल आहे म्हणून निर्धास्त होऊ नका, "आज रात्री वीज तोडणार, या नंबरवर फोन करा" वाले मेसेज येतात ना, फोन केला की ते स्क्रीन शेअरिंगचं ॲप टाकायला सांगतात. ते ॲप तुमच्या मशीनवरून बाहेर जोडणी करतं, आणि बाहेर जाणारं मोकळं आहे हे कुळागरने वर लिहिलंच आहे. माझ्या शेजाऱ्याची फायरवॉल चालू होती.

अबोली७७, दुसऱ्या दिवशी, दुपारी ३:२०

गेस्ट वायफाय झालं, आमच्या राउटरमध्ये सोय होती. पासपोर्ट फोल्डर शेअरमधून काढलं. हिशेब खातं केलं, आणि हो, आधी पिनच टाकत बसले होते अर्धा तास, नंतर तुमचं परत वाचलं. ९९९९ चा रूल केला, नाव दिलंय "दिराची टॅली". एज्युकेशनल गेलं, सगळ्या तारखा घेते.

स्कॅनचं बटण मात्र अजून बंद. अलाउचा रूल करून बघितला प्रिंटरच्या प्रोग्रॅमला, हिरवी टिक दिसते, तरी येत नाही.

कुळागर, दुपारी ३:४५

त्याच यादीत त्याच प्रोग्रॅमच्या नावाने लाल गोलवाल्या ओळी आहेत काय बघा. फायरवॉल चालू केल्यावर एखादी खिडकी आली होती काय, या ॲपला परवानगी देऊ काय अशी?

अबोली७७, दुपारी ४:०२

आहेत!! दोन. एक टीसीपी एक यूडीपी. मामंजींना विचारलं तर म्हणतात, हो, ती खिडकी आली होती, काय ते इंग्रजीत विचारत होतं, आपण नको म्हटलं.

कुळागर, दुपारी ४:१०

तेच. कॅन्सल म्हणजे नंतर बघू असं नाही, कॅन्सल केलं की विंडोज ब्लॉकचे रूल लिहून ठेवतं, टीसीपीला एक यूडीपीला एक. आणि अलाउ आणि ब्लॉक समोरासमोर आले तर ब्लॉक जिंकतो, तुम्ही दहा हिरव्या टिका केल्या तरी. त्या दोन लाल ओळी डिलीट करा, तुमचा हिरवा राहू दे, प्रायव्हेटपुरता.

सगळं चालल्यावर त्याच खिडकीत उजवीकडे एक्स्पोर्ट पॉलिसी आहे, एक फाइल पेन ड्राइव्हवर काढून ठेवा. कोणी परत गोंधळ केला तर तीच इंपोर्ट करायची.

पात्रांव, दुपारी ४:३०

बरं बाबा, मी पण चालू केली. आता माझा प्रिंटर चालत नाही 😅

कुळागर, दुपारी ४:३३

नवीन धागा काढ. आणि आधी पब्लिक आहे की प्रायव्हेट ते लिही.

अबोली७७, रात्री ९:१५

स्कॅन यायला लागलं! आत्ताच एक पासपोर्ट घेतला, सी फॉर्मही भरून झाला. मोबाइल गेस्टवर जोडून बघितलं, आमचा काँप्युटर दिसत नाही, प्रिंटर दिसत नाही, काही नाही. सगळ्यांना देव बरें करूं, मांद्र्याला आलात तर चहाला या.

फक्त तीन नंबरमधले आज विचारायला आले, काल रात्री प्रिंट येत होती, आज का येत नाही. म्हणजे बोर्डिंग पास त्यांचा. मामंजींनी सांगितलं, व्हॉट्सॲपवर पाठव, पानाला १० रुपये.